नावावरची ठेव

निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम कोठे ठेवावी, हा प्रश्न वरवर पाहता गणिताचा आहे. 10 लाखांच्या ठेवीवर 7 टक्क्यांनी वर्षाला 70,000 रुपये व्याज येते. ज्याच्या उत्पन्नाचा वरचा थर 30 टक्क्यांच्या टप्प्यात पडतो, त्याचे 4 टक्के उपकर धरून त्यातले 21,840 रुपये करात जातात आणि हाती 48,160 उरतात. म्हणजे पदरात पडलेले व्याज पाच टक्क्यांहूनही कमी. महागाई त्याच गतीने चालली, तर ठेव वाढल्याचा आनंद पासबुकापुरताच. ज्याला करच लागत नाही, त्याला मात्र पुरते 70,000! अर्थात 1973-74 साली अधिभारासह कराचा सर्वोच्च दर 97.75 टक्के होता. त्या थरातल्या 100 रुपये व्याजातून सव्वादोन रुपये उरत. त्या मानाने आजचे टप्पे सौम्यच.

तेव्हा घरातले कमी टप्प्याचे नाव शोधले जाते. पत्नीला किंवा सुनेला रक्कम बक्षीस दिली, तरी तिचे व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते; 1961च्या आयकर कायद्याच्या 64व्या कलमातले हे तत्त्व 2025च्या नव्या कायद्यानेही सोडलेले नाही. आईला दिलेल्या रकमेला मात्र ते लागू नाही. म्हणून इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या जुन्या मराठी घरांतूनही वृद्ध मातोश्रींच्या नावे ठेवी निघतात. सनदशीर मार्गाने कर वाचवणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. आम्हांला खटकते ते निराळेच.

दान म्हणजे आपले स्वत्व संपवून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे, असे आपले धर्मशास्त्र मानते. उदक सोडले की हात मागे घ्यायचा असतो. येथे ठेवपावती मुलाच्या कपाटात, सही तेवढी आईची. त्या व्याजातून कामवाल्या बाईच्या मुलीची फी भरावी, असे आईने म्हणताच उत्तर येते, "आई, ते पैसे तसे तुझे नाहीत गं." मग कोणाचे? करखात्यापुढे आईचे आणि आईपुढे मुलाचे? यांतले एक उत्तर खोटे असलेच पाहिजे, आणि ते आईला ऐकवले जाते.

कायदा एकच उत्तर ओळखतो. ती रक्कम आईच्या पूर्ण मालकीची. मृत्युपत्र न करता ती गेली, तर 1956च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तीत मुलींचाही मुलाइतकाच वाटा. बहीण तो मागायला आली की काय गहजब होतो, हे आम्ही सेवाकाळात आणि त्यानंतरही पुष्कळ पाहिले. वास्तविक ते पैसे आईचे, असे भावानेच वर्षानुवर्षे कागदोपत्री मान्य केलेले असते.

ज्याला हे पटत नाही, त्याने ठेव स्वतःच्या नावे ठेवावी आणि 21,840 रुपये भरून मोकळे व्हावे. आईलाच द्यायचे असेल, तर पासबुक तिच्या उशाशी ठेवावे, आणि व्याजाचे तिने काय केले हे विचारू नये. मग ती फी भरो, की लेकीला पैठणी घेवो.