आधी हात, मग आरोग्य



संत मार्क यांच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील कुष्ठरोग्याची गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे की वाचन सुरू होताच शेवट आठवतो : तो बरा झाला. त्यामुळे मधली एक गोष्ट निसटते. प्रभू येशूला त्याचा कळवळा आला, त्याने हात पुढे केला आणि त्या माणसाला स्पर्श केला. शुद्ध होण्याची आज्ञा त्यानंतरची आहे. म्हणजे हात लागला तेव्हा तो अजून रोगीच होता.

लेवीयच्या १३ व्या अध्यायाप्रमाणे अशा माणसाने फाटके कपडे घालावेत, स्वतःला अशुद्ध म्हणत ओरडावे आणि वस्तीबाहेर एकटे राहावे. (बायबलमधील हा शब्द त्वचेच्या अनेक विकारांना लावला जाई, हे लक्षात ठेवावे.) त्याला किती वर्षांत कोणी हात लावला नसेल? आणि शेवट पाहा. त्याने जिकडेतिकडे बातमी पसरवली, तेव्हा प्रभूलाच गावात उघडपणे जाता येईना. बाहेरचा आत आला आणि प्रभू ओसाड जागी राहिला.

आपण वर्ध्याचे लोक ही गोष्ट परक्या देशातली म्हणून ऐकू शकत नाही. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली. १९३९ साली संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. त्यांना कुष्ठरोग होता. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले. सत्तरीतले गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा धूत, अंगाला मालिश करीत. त्या काळी खात्रीचे औषध नव्हते. शास्त्रीजी बरे झाले नाहीत. १९४५ साली दत्तपूरला त्यांचे निधन झाले. तेथे चमत्कार झाला नाही, पण हात मागे घेतला गेला नाही.

आज उलटे आहे. १९८१ नंतर बहुविध औषधोपचार आला, आणि देशात तो प्रथम ज्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत आपला जिल्हा होता. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रोग्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. गोळ्या फुकट मिळतात. तरीही आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या घटस्फोटाच्या कायद्यात कुष्ठरोग हे कारण २०१९ पर्यंत होते! चर्च घटस्फोट मानीत नाही ही गोष्ट वेगळी. पण कायद्याकडे बोट दाखवण्याआधी मला माझ्याच बोटांविषयी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात एक म्हातारी बाई रविवारच्या मिस्साला येत असे. तिचा रोग कधीच बरा झाला होता, पण बोटे वाकडी आणि आखूड झालेली. कम्युनियनच्या रांगेत ती नेहमी सर्वांत शेवटी उभी राही. लोकांनी तिला तसे सांगितले नव्हते. तिने स्वतःच जागा ठरवली होती. ती दोन्ही तळहात पुढे करी, आणि मी ख्रिस्तप्रसाद वरून अलगद सोडत असे. इतरांच्या हातावर ठेवत असे, तिच्या हातावर सोडत असे. मला सगळी माहिती होती, लागण होत नाही हेही ठाऊक होते. कुष्ठरोग्याच्या शुभवर्तमानावर मी प्रवचनेही दिली होती. तरी बोटे एक इंच वरच थांबत.

एका रविवारी मात्र मी तिचा हात आपल्या डाव्या हातात धरला आणि प्रसाद तळहातावर नीट ठेवला. तिने आमेन म्हटले, काही दाखवले नाही. मिस्सानंतर ती दारात थांबली होती. मी क्षमा मागण्यासाठी शब्द शोधत होतो. तुम्हाला जाणवत असेल, मी म्हणालो, इतके दिवस मी…

ती हसली. "मले बोटाईले काई समजत नाई, फादर," ती म्हणाली, "पन दिसते ना."

पुढच्या रविवारी ती रांगेच्या मध्ये उभी होती.