दोन विभागांच्या मधला विद्यार्थी

विज्ञानातल्या आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर शिक्षणाविषयी आपल्याकडे सध्या उत्साहाने बोलले जाते. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्या उत्साहाला सरकारी मोहोरही दिली. मला हे शिक्षण मनापासून हवे आहे, आणि म्हणूनच एक प्रश्न विचारावासा वाटतो. दोन विषयांच्या हद्दीवर काम करायला निघालेल्या विद्यार्थ्याची जबाबदारी विद्यापीठात नेमकी कोण घेते? प्रवेशाच्या वेळी त्याचे स्वागत होते. पुढे फेलोशिप, गाईड, प्रबंधाचे परीक्षण आणि शेवटी नोकरी, या प्रत्येक टप्प्यावर त्याला पुन्हा एकाच विषयाच्या रांगेत उभे राहावे लागते.

पुण्यापुरते बोलायचे तर हद्द ओलांडणारे संशोधन या शहराला नवे नाही. 1930च्या दशकात आणि 40च्या दशकाच्या पूर्वार्धात दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. आनुवंशशास्त्रातला एक अवघड हिशेब त्यांनी तेव्हा हाती घेतला. एकाच गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधले अंतर थेट मोजता येत नव्हते. पुढच्या पिढीत ती जनुके एकमेकांपासून किती वेळा सुटी झाली, यावरून त्याचा अंदाज बांधावा लागे. जनुके जवळजवळ असली तर हा हिशेब सरळ असतो. अंतर वाढले की मधल्या पट्ट्यात गुणसूत्रांची अदलाबदल दोनदा होऊ शकते, आणि दुसरी अदलाबदल पहिलीची खूण पुसून टाकते. त्यातच आणखी एक गुंता असा की, एके ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या अगदी शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते. आनुवंशशास्त्रज्ञ हॉल्डेन यांच्या 1919च्या सूत्रात हा शेजारचा अडथळा धरलेला नव्हता. कोसंबींनी तो धरला, अंतर वाढेल तसा तो विरत जातो हेही धरले, आणि नवे सूत्र दिले. आज पिकांचे जनुकीय नकाशे तयार करणारा कोणताही वनस्पती-प्रजननतज्ज्ञ संगणकावर ‘हॉल्डेन’ की ‘कोसंबी’ हा पर्याय निवडतो, आणि पुष्कळदा कोसंबी निवडतो.

त्याच सुमारास ते तक्षशिलेच्या ठेव्यातल्या आहत (ठसे मारलेल्या) नाण्यांच्या वजनांचा अभ्यास करत होते. नाणे हातोहात फिरले की झिजते. ही झीज संख्याशास्त्राने तोलता आली तर कोणती नाणी आधीची आणि कोणती नंतरची हे ठरवता येते, अशी त्यांची रीत होती. गणिताचा प्राध्यापक एकीकडे जनुकांकडे आणि दुसरीकडे मौर्यकाळाकडे वळला, कारण दोन्हीकडचा प्रश्न त्याच्या हातातल्या साधनाने सुटण्यासारखा होता. त्यांच्याकडे हार्वर्डची बी.ए. होती, पीएच.डी. नव्हती. पण कोसंबींच्या तोडीची बुद्धी गृहीत धरून कोणतेही विद्यापीठ चालवता येणार नाही. चांगल्या तयारीच्या, जिद्दीच्या मुलामुलींना अशा प्रश्नांपर्यंत पोचता आले पाहिजे, आणि ते व्यवस्थेचेच काम आहे.

ते होऊ शकते याचा पुरावाही पुण्यातच सापडतो. 1980च्या दशकात केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने देशात जैवमाहिती केंद्रांचे जाळे विणायला घेतले आणि त्यातले एक केंद्र पुणे विद्यापीठात आले. अशोक कोळस्कर आणि प्रसाद टोणगावकर यांनी 1990मध्ये तिथून जेमतेम तीन पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. रोगजंतूच्या प्रथिनाचा कोणता तुकडा शरीराची प्रतिकारयंत्रणा ओळखील, याचा अंदाज त्या प्रथिनाच्या नुसत्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून बांधायची पद्धत त्यात मांडली होती. त्यासाठी अमिनो आम्लांचे भौतिक-रासायनिक गुणधर्म, प्रयोगांतून आधीच माहीत झालेल्या तुकड्यांतली त्यांची वारंवारता आणि थोडे संगणन, असे तिन्ही लागत होते. निबंधावर पत्ता होता प्राणिशास्त्र विभागाचा. लसींवर काम करणारे जगभरचे संशोधक ती पद्धत आजही वापरतात आणि करोनाच्या साथीतही ती उपयोगी पडली. प्राणिशास्त्र विभागात बसून रसायन आणि संगणक एकत्र आणण्याची मुभा कोणीतरी दिली होती, हा या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग.

विद्यापीठाच्या त्याच गणेशखिंड परिसरात आयुका आणि एनसीआरए या खगोलविज्ञानाच्या संस्था आहेत. त्यांच्या पीएच.डी. प्रवेशाला इंजिनिअरिंगची पदवी घेतलेले विद्यार्थीही बसू शकतात. चाळणी परीक्षेत आणि मुलाखतीत होते. पदवीवर कोणते नाव छापले आहे यावरून दार बंद होत नाही. नारायणगावजवळ खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश पाहिल्या की हे धोरण का हवे ते कळते. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या डिश ताणलेल्या दोरांवर तारेची जाळी बसवून हलक्या आणि स्वस्त केल्या. हे काम जितके खगोलशास्त्राचे होते तितकेच स्थापत्याचे.

इतकी उदाहरणे जवळ असताना राज्यातल्या विद्यापीठांत अडते कुठे? माझ्या मते अडचण वेळापासून सुरू होते. वेंकटरमण रामकृष्णन यांनी 1976मध्ये भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवली, आणि नंतर सॅन दिएगोला जीवशास्त्राचे विद्यार्थी म्हणून दोन वर्षे पुन्हा वर्गात बसले. रायबोसोमच्या रचनेसाठी 2009चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना ज्या वाटेने मिळाले, त्या वाटेवर ही दोन वर्षे आहेत. आपल्याकडे ज्युनिअर आणि सीनिअर फेलोशिप मिळून पाच वर्षांची मुदत असते. 2023पासून ज्युनिअर फेलोला महिना 37,000 रुपये मिळतात. ही रक्कम वाढली याचा आनंद आहे, पण दुसरा विषय पायापासून शिकण्यात गेलेले वर्ष याच पाचांतून वजा होते. प्रबंध लिहायची वेळ येते तेव्हा पैसे संपलेले असतात. घरची परिस्थिती बेताची असलेला विद्यार्थी हा हिशेब आधीच करतो आणि ओळखीच्या विषयातच राहतो. त्याच्यात धाडस कमी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरी अडचण प्रशासनाच्या रचनेत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 याने चार विद्याशाखा ठरवल्या. त्यांतली चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यासाची. तिच्याखाली शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण असे विषय येतात. त्यांचे महत्त्व मी मान्य करतो, पण भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या मधल्या कामाला या शाखेत घर मिळालेले नाही. ते काम विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखेतल्या वेगवेगळ्या अभ्यासमंडळांच्या हद्दींत विखुरलेले राहते. यूजीसीचे पीएच.डी.चे नियम बाहेरच्या विभागातला सहमार्गदर्शक घ्यायला परवानगी देतात. प्रत्यक्षात सहमार्गदर्शक मिळणे हे गाईडच्या ओळखींवर अवलंबून राहते, आणि लहान गावातून आलेल्या मुलीच्या गाईडची ओळख नसेल तर शेजारच्या इमारतीतली प्रयोगशाळाही तिला परकीच.

सर्वांत मोठा घाव मात्र नोकरीच्या वेळी बसतो. सहायक प्राध्यापकपदासाठी यूजीसीचे 2018चे नियम संबंधित किंवा संलग्न विषयातली पदव्युत्तर पदवी मागतात. संलग्न हा शब्द नियमात आहे, त्याचा अर्थ लावायचे काम छाननी समितीकडे आहे. जाहिरात निघते ती ‘वनस्पतिशास्त्र’, ‘भौतिकशास्त्र’ अशा नावांनी. जैवमाहितीशास्त्र किंवा मॉडेलिंग-सिम्युलेशन शिकलेल्या उमेदवाराचा अर्ज त्या टेबलावर टिकेल की नाही, हे समितीवर कोण बसले आहे यावर ठरते. विद्यापीठ एका हाताने जी पदवी देते, ती दुसऱ्या हाताने ओळखत नाही. त्यात असे अनेक आंतरविद्याशाखीय विभाग विनाअनुदानित चालतात आणि कंत्राटी शिक्षकांवर उभे आहेत. शिक्षकाचेच पद पुढच्या वर्षी राहील की नाही ठाऊक नसेल, तर पाच वर्षांचा अवघड प्रश्न तो विद्यार्थ्याला कोणत्या भरवशावर देणार?

जुन्या पिढीचे अनेक प्राध्यापक एक आक्षेप घेतात आणि तो मला पटतो. दोन वर्षांत चार विषयांची तोंडओळख करून दिली की विद्यार्थी ना धड इकडचा ना धड तिकडचा होतो. त्याला समीकरण मांडता येत नाही आणि प्रयोगही हाताखालून गेलेला नसतो. कोसंबींनी जनुकांचा प्रश्न सोडवला तो गणित पक्के होते म्हणून. त्यामुळे पदवीपर्यंत एक विषय खोलवर, आणि पदव्युत्तर पातळीवर दुसरा तितक्याच गांभीर्याने, गरज पडली तर तीन वर्षे घेऊन, हा क्रम मला योग्य वाटतो. नावे आकर्षक असलेल्या आणि एकाही विषयाचा पाया नसलेल्या अभ्यासक्रमांना मान्यता देणे थांबवले पाहिजे.

जे अभ्यासक्रम चांगले आहेत त्यांच्या बाबतीत कुलगुरूंना आणि विद्या परिषदेच्या सदस्यांना एक विनंती आहे. तुमच्या विद्यापीठाने दिलेल्या प्रत्येक आंतरविद्याशाखीय पदवीसाठी कोणकोणत्या विभागांत ती संलग्न मानली जाईल याची यादी करा, विद्या परिषदेत मंजूर करा आणि भरतीच्या पुढच्या जाहिरातीत ती नावानिशी छापा. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि पैसाही लागत नाही.