देह बाळाचा, सही आपली



बाळ जन्मले की पहिला प्रश्न येतो, "मुलगा की मुलगी?" काही बाळांचे शरीर या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. त्यांचे बाह्य अवयव, ग्रंथी किंवा गुणसूत्रे ठराविक साच्यात बसत नाहीत. अशा बाळाला आंतरलिंगी म्हणतात. आईबाप घाबरतात. लोक काय म्हणतील? लग्न कसे होईल? अशा वेळी कोणी शस्त्रक्रियेचा कागद पुढे केला, की बाप मुकाट्याने सही करतो.

ही सही कोणासाठी, एवढेच आज तपासून पाहू.

लघवीचा मार्ग बंद असेल, शरीरातील क्षार घटून जीव धोक्यात असेल, तर उपचाराला क्षणाचाही विलंब नको. क्षार घटण्यावर तर औषध लागते, शस्त्र नव्हे. परंतु बाळ सुखरूप असताना, अवयव इतरांसारखा दिसावा एवढ्यासाठी तो कापणे ही गोष्ट वेगळी. त्यात संवेदना जाऊ शकते. ग्रंथी काढल्यास जन्मभर औषधे घ्यावी लागतात. आणि मोठेपणी ते मूल स्वतःला काय समजेल, हे पाळण्याशी बसून कोणालाच कळत नाही.

मद्रास उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2019 रोजी हेच सांगितले, की आईबापांची संमती म्हणजे बाळाची संमती नव्हे. त्याच वर्षी तामिळनाडू सरकारने, जिवावरचे प्रसंग वगळून, अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली. युरोपातील माल्टा देशाने तसा कायदा 2015 सालीच केला होता.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मातापित्यांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पापापासून आवरणे, सन्मार्गाला लावणे, विद्या शिकविणे, योग्य जोडीदार पाहून देणे आणि वेळेवर वारसा स्वाधीन करणे. हे पाचवे नीट ऐका. वारसा वेळ येईपर्यंत सांभाळायचा आणि ज्याचा त्याला द्यायचा. देह हा मुलाचा पहिला वारसा होय. आपण त्याचे राखणदार आहोत, मालक नव्हे.

जन्मावरून माणसाला हीन ठरविणारी रूढी आपण सोडून आलो. तिला पाळण्याशी पुन्हा जागा देऊ नका. नाव ठेवा, मुलगा वा मुलगी म्हणून वाढवा. त्यासाठी कापावे लागत नाही. समजेल तसे त्याला खरे सांगा. सहीपूर्वी डॉक्टरांना विचारा, "थांबलो तर बाळाच्या जिवाला वा प्रकृतीला धोका आहे काय?" उत्तर 'नाही' असेल, तर कागद परत द्या. भीती आपली आहे. तिची किंमत बाळाने का मोजावी?

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.