विशालतेचे सांत्वन

कृत्तिकांचा तारकापुंज आपल्यापासून सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर. देवयानी दीर्घिका तर २५ लाख. आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान ४० लाख सूर्यांएवढे. हे आकडे ऐकून पुष्कळांस हायसे वाटते : एवढ्या पसाऱ्यात माणसाचा न्याय-अन्याय तो केवढा! हे सांत्वन आम्हांस संशयास्पद वाटते. अन्याय सोसणाऱ्यापेक्षा तो करणाऱ्यासच ते अधिक सोयीचे. शिवाय ४० लाख हा आकडा तरी कोठून आला? त्या विवराभोवती १६ वर्षांत प्रदक्षिणा घालणाऱ्या एका ताऱ्यावर चिकाटीने नजर ठेवणाऱ्या माणसांकडूनच ना?

१९३० साली विलायतेस जाताना, बोटीवर, एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखरांनी श्वेतबटू ताऱ्यांच्या वस्तुमानाची मर्यादा गणिताने काढली. कृष्णविवरांच्या कल्पनेकडे जाणारी एक वाट येथूनच फुटते. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या विद्वत्सभेत एडिंग्टनसाहेबांनी त्या निष्कर्षाची थट्टा केली, आणि सभा हसली. देवयानीच्या मापाने तो हशा निमिषमात्रही नव्हे. पण ते माप येथे लावायचेच कशाला? वजन हे काही दुःख मोजण्याचे परिमाण नव्हे, आणि सत्य मोजण्याचेही नव्हे. चंद्रशेखर पुढे दुसऱ्या विषयांकडे वळले. कृष्णविवरांच्या गणितावरील त्यांचा ग्रंथ निघाला तो १९८३ साली; नोबेल पारितोषिकही त्याच वर्षी मिळाले. एडिंग्टन १९४४ मध्येच निवर्तले होते.