घटना कळवण्यात येईल

बँकेत बावीस वर्षं काढल्यावर माणूस सगळ्यांवर विश्वास ठेवायला शिकतो, फक्त दोन सह्या घेतल्यावर. आमच्याकडे एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं तपासायची. करणारा मेकर, तपासणारा चेकर. एकाच माणसाला एकाच नोंदीसाठी दोन्ही होता येत नाही. मग तो माणूस हरिश्चंद्राचा सख्खा चुलतभाऊ का असेना. कागदावरचा आकडा चुकला तर खोडरबर चालत नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि सही. म्हणजे पाप झाकायचं नाही, त्याच्यावर सही करायची.

या शिस्तीत मी आजवर प्रामाणिक राहिलो. आता हा प्रामाणिकपणा माझा की व्हाउचरचा, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पाडला आमच्या वाचनालयाच्या सर्व्हरनं.

सर्व्हर हा शब्द जरा भारदस्त झाला. एका सभासदानं घरातली अडगळ कमी करण्यासाठी देणगी दिलेला तो जुना संगणक. पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो. मी वाचनालयाचा मानद चिटणीस, आणि 'मानद' म्हणजे चहाचे पैसेसुद्धा आपलेच. देवघेवीचं रजिस्टर संगणकावर चढवायचं असा ठराव झाला, तेव्हा मी बी.कॉम. असून बँकेत आहे, म्हणजे मला संगणकातलं कळतं, असं सर्वानुमते ठरलं. बँकेत मला फक्त कुठलं बटण दाबायचं ते कळतं. दाबल्यावर आत काय होतं ते देव जाणे आणि मुंबईचं मुख्य कार्यालय जाणे.

भाच्यानं येऊन त्यावर डेबियन नावाचं लिनक्स घातलं, एका कागदावर दोन पासवर्ड लिहून दिले आणि तो बंगळूरला निघून गेला. जाताना म्हणाला, "मामा, आता फक्त मारियाडीबी इन्स्टॉल कर. सोप्पं आहे." ज्याला पोहता येतं तो काठावरच्याला असंच म्हणतो.

ही सगळी नावं घरगुती आहेत, हे मला मागाहून कळलं. डेबियन 1993 साली इयन मरडॉकनं सुरू केलं, आणि डेब्रा या तेव्हाच्या मैत्रिणीचं नाव आपल्या नावाला जोडून त्यानं ते बारसं केलं. फिनलंडचे मायकेल विडेनियस यांनी थोरल्या लेकीच्या, 'मी'च्या नावानं मायएसक्यूएल काढलं. पुढे ते विकत-विकत 2010 साली ओरॅकलच्या घरात पोहोचलं. त्याआधीच, 2009 साली, गृहस्थानं त्याचीच दुसरी पाती धाकट्या लेकीच्या, मारियाच्या नावानं सुरू केली होती. मी माझ्या लेकीच्या नावानं फक्त सुकन्या समृद्धीचं खातं काढलंय.

तर काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, आणि समोर मी. पुस्तिकेत पाहून 'सुडो' हा शब्द टाइप केला. सुडो म्हणजे साहेबांच्या अधिकारात काम करणं. यंत्रानं काम करण्याऐवजी मला तीन उपदेश ऐकवले: दुसऱ्याच्या खाजगीपणाचा मान राखा, टाइप करण्याआधी विचार करा, आणि मोठ्या अधिकाराबरोबर मोठी जबाबदारी येते. आमच्या बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात एवढ्याच मजकुराला चार दिवस आणि दोन वेळचं जेवण लागतं.

मग पासवर्ड मागितला. टाइप करतोय तर पडद्यावर काहीच उमटेना. अक्षर नाही, चांदणी नाही. कळफलक बिघडला म्हणून मी तो उलटा करून आपटला. त्यातून शेव पडली. भाच्याला फोन केला. "दिसत नाही मामा, पण जातं आत." देवाला नैवेद्य दाखवतात, त्यातलाच प्रकार. श्रद्धेनं पासवर्ड भरला, तर उत्तर आलं की तुम्ही अधिकृतांच्या यादीत नाही, ही घटना कळवण्यात येईल.

बँकेतल्या माणसाला हे वाक्य कसं लागतं ते बाकीच्यांना कळायचं नाही. माझ्या पोटात गोळा आला. चार्जशीट, चौकशी अधिकारी, रोखलेली वेतनवाढ, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पुन्हा फोन. "अरे, कोणाला कळवणार?"

"रूटला."

"हा कोण?"

"त्या मशीनवरचा सगळ्यात वरचा अधिकारी. कागदावरचा दुसरा पासवर्ड त्याचाच. म्हणजे तूच, मामा."

आली का पंचाईत! गुन्हा मी केला, तक्रार माझ्याचकडे येणार, चौकशीही मीच करणार. मेकर मी, चेकर मी. मग मी रूट होऊन स्वतःला अधिकृतांच्या यादीत घातलं, बाहेर पडून पुन्हा आत आलो आणि मारियाडीबी चढवलं. तिथेही एक रूट निघाला! नाव तेच, खातं वेगळं. यंत्राच्या रूटचा पासवर्ड अचूक दिला तरी हा आत घेईना. दोन संध्याकाळी गेल्यावर उलगडा झाला: तो पासवर्ड बघतच नव्हता. यंत्राच्या साहेबांकडून आलात तर नुसत्या ओळखीवर आत, नाहीतर अचूक पासवर्डालाही नकार. हे मात्र मला ओळखीचं वाटलं.

महिनाभर नोंदी चढवल्या. तीनशे चाळीस सभासद. ते करताना पहिला उपदेश आठवत राहिला, कारण एक निवृत्त मुख्याध्यापक गेली तीन वर्षं फक्त रहस्यकथा नेतात हे मला कळलं. मी ते विसरलो आहे.

आणि मग एकशे सतरा क्रमांकाचा सभासद आला. पुस्तक चारशे बारा दिवस थकलेलं, दिवसाला रुपया, दंड रुपये चारशे बारा. पुस्तक वेळेच्या नियोजनावरचं. सभासद मी.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजेसच्या अंगठीची गोष्ट आहे. मेंढपाळाला अंगठी सापडते, ती फिरवली की तो दिसेनासा होतो, आणि मग तो काय-काय करतो! प्रश्न असा, की कोणी पाहणारच नसेल तर माणूस चांगलं का वागेल? कॉमर्सच्या अभ्यासक्रमात प्लेटो नव्हता. आम्हाला ऑडिटिंग होतं. प्रश्न तोच.

इथे रेघ मारावी लागत नाही. चारशे बाराच्या जागी शून्य घातलं की खाली चारशे बारा दिसत नाहीत. तिथे शून्यच होतं, कायमचं. रविवारची दुपार, वाचनालय बंद, बाहेर कुलपीवाल्याची घंटा. मी स्वतःला म्हटलं, नोंद बदलायचा सराव तर करायलाच हवा. आणि सराव दुसऱ्याच्या नावावर करणं बरं नव्हे. परत चारशे बारा घालूच. खरंच घातले असते का? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारलाय. दर वेळी उत्तर 'अर्थात' असं येतं, पण जरा जास्तच पटकन येतं.

'दंड शून्य करा' एवढी आज्ञा लिहिली आणि एंटर मारलं. 'कुठे?' हे लिहायचं राहिलं. व्हेअर हा शब्द घातला नाही की तो हुकूम सगळ्यांना लागू. उत्तर आलं: ओळी जुळल्या तीनशे चाळीस, बदलल्या त्रेसष्ट.

त्रेसष्ट थकबाकीदार एका क्षणात निष्कलंक! माझी अंगठी फिरवली आणि अख्खं गाव अदृश्य झालं. मागे घ्यायची सोय असते म्हणे, पण ती आधी सांगून ठेवावी लागते. मी बॅकअपही घेतला नव्हता. दुसरा उपदेश नेमका याबद्दलच होता.

सोमवारी ग्रंथपाल काकूंना सांगावंच लागलं. त्यांनी चष्मा वर केला.

"सगळ्यांचा दंड शून्य? तो कसा काय झाला?"

"सराव करत होतो, काकू."

"कोणाच्या नावावर?"

मी पंख्याकडे पाहिलं. तो वाजत होता.

काकूंनी पुढे काही विचारलं नाही. जुनं रजिस्टर काढलं, शेजारी खुर्ची ओढली आणि एकेक आकडा वाचायला लागल्या. त्या वाचायच्या, मी भरायचो, त्या पडद्यावर बघून 'हं' म्हणायच्या. बाकीच्या सभासदांची त्या नावंही घेत होत्या. एका ठिकाणी नुसतंच म्हणाल्या, "एकशे सतरा. चारशे बारा." मी भरले. "हं."

त्रेसष्ट नावं संपली तेव्हा साडेआठ वाजले होते. मी पाचशेची नोट काढली. काकूंकडे सुटे नव्हते. त्यांनी उरलेले अठ्ठ्याऐंशी रुपये जुन्या रजिस्टरात शाईनं माझ्या नावावर जमा मांडले आणि म्हणाल्या, "असू द्या. पुस्तक अजून तुमच्याकडेच आहे ना?"