सोडायचाच तर धरायचा कशाला?

दरवर्षी जुलै सुरू झाला की मी रोज सकाळी चहाबरोबर फोनवर एक आकडा बघतो. शेअर बाजाराचा नाही, क्रिकेटचाही नाही. काल कोलंबिया नदीवरच्या बोनविल धरणाच्या मत्स्यशिडीतून किती स्टीलहेड वर चढले, त्याचा. त्या शिडीला पाण्याखाली काचेची खिडकी आहे आणि खिडकीमागे बसून माणसं जाणारा एकेक मासा मोजतात. धरण 1938 साली सुरू झालं, तेव्हापासून ही मोजणी चालू आहे. आकडा बरा असला की माझी शरद ऋतूतली सहल पक्की होत जाते. पोर्टलंडहून दोनेक तासांवर मॉपिन नावाचं छोटं गाव आहे. तिथून डेशूट्स नदीच्या काठाकाठानं मॅक्स कॅन्यनपर्यंत जायचं, तिथे होडी पाण्यात घालायची आणि तीन दिवसांत नदीच्या मुखाशी पोचायचं.

यंदा बाबा चिपळूणहून आलेत. टेबलावर मी नकाशा पसरला होता. शेजारी पिसं आणि रंगीत धागे गुंडाळून बनवलेल्या खोट्या माश्यांची डबी होती. बाबांनी एक माशी उचलून दिव्याखाली धरली.

"किती मासे मिळतात रे?"

"तीन दिवसांत एखाद-दुसरा. कधी एकही नाही."

"आणि मिळाला की?"

"बहुतेक वेळा सोडून द्यायचा."

बाबांनी माशी डबीत ठेवली. "सोडायचाच तर धरायचा कशाला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, माझ्याकडे उत्तरं पुष्कळ आहेत, पण बाबांच्या डोळ्यांत बघून देता येईल असं एकही नाही.

आधी माशाबद्दल सांगतो. स्टीलहेड म्हणजे जातीनं रेनबो ट्राउटच. या जातीतले काही मासे जन्मभर नदीत राहतात. काही मात्र लहानपणीच समुद्रात उतरतात, तिथे खाऊनपिऊन मोठे होतात आणि अंडी घालायला पुन्हा जन्मनदीत चढतात. डेशूट्समध्ये ते उन्हाळ्यात आणि शरदात येतात आणि अंडी घालायला पुढच्या वसंतापर्यंत थांबतात. कोकणातल्या वाचकाला एका शब्दात सांगायचं तर हे चढणीचे मासे. फक्त यांची चढण ओहोळातून शेतात नाही, पॅसिफिक महासागरातून, दोन मोठी धरणं ओलांडून, वाळवंटी डोंगरांमधल्या एका नदीत.

या परतीच्या वाटेवर ते फारसं खात नाहीत. तरीही माझी खोटी माशी का पकडतात, याबद्दल नदीवर जितकी माणसं तितकी मतं. म्हणजे मी त्याच्या भुकेचाही फायदा घेत नाही. समुद्रात साठवलेल्या ताकदीवर महिनोन्महिने काढणाऱ्या जिवाला मी डिवचतो, तो चिडून किंवा जुन्या सवयीनं झडप घालतो आणि त्याची ती साठवलेली ताकद मी दहा मिनिटांत खर्च करायला लावतो. मग फोटो. मग सोडणं.

पहिलं उत्तर कायद्याचं. डेशूट्समधले रानटी स्टीलहेड संकटग्रस्त म्हणून 1999 पासून संरक्षित आहेत, ते सोडावेच लागतात. हॅचरीत वाढवलेल्या माशांचा शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा पर लहानपणीच कापलेला असतो. तो नसेल तरच मासा घरी नेता येतो. पण कायदा फक्त सोडायला सांगतो, धरायला सांगत नाही. बाबांच्या प्रश्नाचा उत्तरार्ध शिल्लकच राहतो.

दुसरं उत्तर विज्ञानाचं: माशांना कुठे दुखतं? हे उत्तर मी अनेक वर्षं वापरलं. माणसाच्या मेंदूत वेदनेची जाणीव ज्या भागावर अवलंबून असते तो माशांना नसतो, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. 2002 साली जेम्स रोझ यांनी हा मुद्दा सविस्तर मांडला होता. पण लगेच 2003 मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसेटिक ॲसिड टोचून पाहिलं. मासे किती तरी वेळ खायला आले नाहीत आणि ॲसिड टोचलेले ओठ तळाच्या खड्यांवर घासत राहिले. ते मासे कोणते होते? रेनबो ट्राउट. माझ्या स्टीलहेडचीच जात. वाद अजून मिटलेला नाही, पण तो मिटेपर्यंत संशयाचा फायदा मी स्वतःला का देतोय, हे मला सांगता येईना.

तिसरं उत्तर सगळ्यात भारदस्त: आम्ही गळवालेच नदी वाचवतो. यात खरंच तथ्य आहे. परवान्याचा पैसा माशांच्या कामाला जातो. धरणांविरुद्ध, तापलेल्या पाण्याविरुद्ध बोलायला जी माणसं उभी राहतात, त्यांतली कित्येक गळवाली असतात. पण हे म्हणजे देवळाला देणगी दिली म्हणून रांग मोडायचा हक्क मागण्यासारखं झालं. देणगी चांगली, रांग मोडणं वाईट. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

याच नदीवर, मॉपिनच्या थोडं खाली, शेरार्स फॉल्स आहे. तिथे वॉर्म स्प्रिंग्जच्या मूळनिवासी लोकांचे लाकडी मचाण पाण्यावर झुकलेले दिसतात. त्यावर उभं राहून ते लांब दांड्याच्या जाळ्यानं मासे काढतात. 1855 च्या करारात त्यांनी जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. त्याहून मोठं त्यांचं ठिकाण म्हणजे कोलंबियावरचा सेलायलो धबधबा. 10 मार्च 1957 रोजी द डॅलेस धरणाचे दरवाजे बंद झाले आणि तो काही तासांत पाण्याखाली गेला. मासा पकडून सोडण्याच्या आमच्या खेळाबद्दल इथल्या मूळनिवासींमधून नेहमी एक आक्षेप ऐकू येतो: तुम्ही अन्नाशी खेळता.

हा आक्षेप मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दचकलो, कारण हे वाक्य मला पाठ होतं. आजी ताटावर बसल्यावर हेच म्हणायची.

आता, आमची बाजू फार सोवळी होती अशातला भाग नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ओहोळातून वर चढणारे मासे बाबा आणि काका बांबूच्या सापळ्यात धरायचे, तेही अंड्यांनी भरलेले. पुढच्या वर्षीची पिढीच कालवणात. आज याच कारणानं चढणीची मासेमारी थांबवा, असं कोकणातले जाणते लोक सांगतात, आणि त्यांचं बरोबर आहे. हे मी बाबांना ऐकवलं. थोड्या विजयी आवाजात, हे कबूल करतो.

बाबा म्हणाले, "चुकत होतं, खरंय. पण टोपली भरली की आम्ही घरी यायचो."

त्या रात्री झोप लागली नाही, कारण माझ्या छंदातली खोट त्या वाक्यात सापडली होती. खाण्यासाठी धरणाऱ्याला निदान एक सीमा असते: टोपली, पातेलं, घरातली माणसं. (विकायला लागलं की तीही सुटते, ते वेगळं.) सोडणाऱ्याची टोपली कधी भरतच नाही. पहिला मासा सोडला की मी लगेच दुसऱ्यासाठी गळ टाकतो, आणि सोडल्यामुळे मन स्वच्छ असतं. आम्ही सोडण्याला दया समजतो. पण सोडणं हीच गोष्ट आम्हाला न थांबण्याची मुभा देते. सोडलेले बहुतेक मासे जगतात, सगळे नाही, आणि पाणी कोमट असेल तर मरणारे वाढतात. दिवसभरात चार सोडणारा, एक खाऊन घरी जाणाऱ्यापेक्षा दयाळू असतोच असं नाही.

स्वित्झर्लंडमध्ये तर सोडून देण्याच्याच हेतूनं मासा धरायला बंदी आहे. इकडे ओरेगनमध्ये ली स्पेन्सर नावाच्या माणसानं दुसरं टोक गाठलं. नॉर्थ अम्पक्वाच्या एका उपनदीवर स्टीलहेड उन्हाळाभर ज्या डोहात थांबतात, त्याची त्यांनी अनेक वर्षं कुत्र्याला सोबत घेऊन राखण केली. स्वतः मासेमारी करताना ते गळाचं टोक तोडलेली माशी वापरत. मासा झडप घालतो, दोरीला झटका बसतो, तो निघून जातो.

मागच्या शरदात एका संध्याकाळी मीही टोक तोडून पाहिलं. झटका बसला आणि अंगावर काटा आला. पुढच्याच क्षणी मन खट्टू झालं. मला तो हातात हवा होता. स्वतःबद्दल हे कळणं सुखाचं नव्हतं, पण उपयोगाचं होतं. माझं प्रेम नदीवर आहे हे खरं, आणि मला माशावर ताबा हवा आहे हेही खरं.

मग गळ कायमचा ठेवून द्यावा का? या प्रश्नाला "हो" म्हणणाऱ्याशी वाद घालायला माझ्याकडे फारसं काही नाही. तरी मी जाणार आहे. कारण गळ नसता तर मी तो सकाळचा आकडा कधी बघितला नसता. 2021 साली तो आकडा मोजणी सुरू झाल्यापासूनच्या तळाला गेला आणि डेशूट्सवर स्टीलहेडची मासेमारी बंद केली, तेव्हा घरातलं कोणी आजारी असावं तसा मी अस्वस्थ होतो. हे समर्थन नाही, इतकंच की माझं नातं असं जोडलं गेलं. पण नात्याच्या नावाखाली काहीही चालवून घ्यायचं नसेल, तर टोपली मला स्वतः विणावी लागेल.

म्हणून यंदाच्या सहलीच्या वहीत, होडी आणि तंबूच्या खाली, काही नव्या ओळी आहेत. मोजणी कमी असेल तर नदी उघडी असली तरी गळ घरी. पाणी 20 अंशांकडे सरकलं की दोरी गुंडाळायची. रानटी मासा लागला तर पाण्याबाहेर काढायचा नाही, फोटो नाही, आणि त्या दिवसापुरतं संपलं, मग सकाळचे सात वाजले असले तरी. हॅचरीचा लागला तर एक ठेवायचा, त्याच रात्री खायचा, आणि तेव्हाही संपलं.

बाबांनी वही चष्मा लावून वाचली. तेही येणार आहेत, काठावर बसायला.

"सात वाजता संपलं तर उरलेला दिवस काय करशील?"

"तुमच्याशेजारी बसेन."

त्यांनी पेन घेतलं आणि सामानाच्या यादीत स्वतःच्या अक्षरात भर घातली: तांदूळ, तूरडाळ, कोकम. "मासा नाही मिळाला तर जेवायला हवं ना," म्हणाले.