अंधारातील जीवांचा अभ्यासक

घरातील मुलीने डॉक्टर होण्याचा मनोदय सांगितला तर आपण पेढे वाटतो. वटवाघळांचा अभ्यास करून त्यांचे रक्षण करणार, असे ती म्हणाली, तर आजी विचारील, “दुसरा प्राणी मिळाला नाही का गं तुला?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जो जीव आपल्याला मुळीच आवडत नाही, त्याच्यासाठी आयुष्य का वेचावे?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे उल्काविवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. २००० साली हा परिसर वन्यजीव अभयारण्य झाला, २०२० साली सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. विवराच्या परिसरात जुनी देवळे आहेत आणि पडक्या गाभाऱ्यांत वटवाघळांची वस्ती असते. सरोवर पाहून हरखलेला पाहुणा तेथे डोकावताच नाकाला रुमाल लावून मागे फिरतो. अभ्यासकाला मात्र तेथेच थांबावे लागते. आधी वनखात्याची परवानगी आणि रेबीजची लस घ्यायची. मग तिन्हीसांजेला बारीक धाग्याची जाळी लावायची, सापडलेल्या जीवाचे वजन करायचे, हाताच्या हाडाची लांबी मोजायची आणि त्याला सोडून द्यायचे. बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. त्यामुळे एकदा उजाड झालेली वस्ती पुन्हा भरायला वर्षे लागतात.

कायद्याचीही दृष्टी फारशी वेगळी नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर-कावळ्यांच्या पंक्तीत ‘उपद्रवी’ म्हणून बसविले होते. ती यादीच २०२२ च्या दुरुस्तीने गेली. मोहाचे परागीभवन करणारा आणि वड-उंबराचे बी दूरवर नेणारा जीव पन्नास वर्षे उपद्रवी ठरला, हे नवलच म्हणायचे!

पण अभ्यासकाचे हात तरी स्वच्छ असतात काय? इटलीतील लाझारो स्पालान्झानी हे धर्मगुरू आणि मोठे शास्त्रज्ञ. १७९३ साली त्यांनी वटवाघळांचे डोळे निकामी करून त्यांना सोडले. पाव्हियाच्या कॅथेड्रलच्या घंटामनोऱ्यात त्यांतील काही पुन्हा सापडली. त्यांची पोटे फाडून पाहिली, तर ती किड्यांनी भरलेली होती. पुढे जिनिव्हाच्या ज्यूरीन यांनी कान बुजविले, तेव्हा मात्र वटवाघळे आदळू लागली. या कोड्याचा उलगडा १९३८ साली झाला. हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन यांनी, माणसाला ऐकू न येणारा त्यांचा आवाज यंत्रावर टिपला. त्या वंशातील यंत्र आज खिशात मावते आणि त्यामुळे वटवाघळाला हात न लावता त्याची जात पुष्कळदा ओळखता येते. ही सोय त्या आंधळ्या केलेल्या जीवांच्या वेदनेतून आली आहे. स्पालान्झानींना क्रूर म्हणून मोकळे होणे आम्हांस पटत नाही. ‘ज्ञानासाठी सारे क्षम्य’ हेही पटत नाही. निदान आज दुसरा मार्ग असताना जाळे लावण्यापूर्वी त्याची खरोखर गरज आहे का, हे प्रत्येक वेळी स्वतःला विचारणे तिला बंधनकारक आहे.

तिला गैरसोयीचे सत्यही सांगावे लागेल. महाबळेश्वरच्या गुहेतून २०२० साली घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा सापडल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आवडत्या जीवाची बाजू घेताना हे झाकून ठेवणे म्हणजे शेजाऱ्याशी खोटे बोलणे होय. उष्टी फळे खाऊ नका, गुहांत शिरू नका, हे तिनेच गावाला सांगायचे; आणि धूर करून वस्ती हुसकल्याने भेदरलेली वटवाघळे घराघरांत पांगतात, हेही.

पडके देऊळ भाविकांचे, पुरातत्त्व खात्याचे की वटवाघळांचे, याचा निवाडा तिच्या हाती नाही. डागडुजी व्हायलाच हवी. मात्र गाभाऱ्यात पिल्ले असतील तर ती उडू लागेपर्यंत काम थांबवावे, एवढे ती लेखी कळवू शकते, आणि त्यासाठी कोणत्या गाभाऱ्यात कोणत्या महिन्यात पिल्ले असतात याची वही तिच्यापाशी हवी.